अजिनाथच्या अंगावरचे पतंग

तलवाड्यात बारसं असो नाहीतर लग्न, माईक आपल्याच हातात! त्यात मागं मी बोंडअळीच्या प्रशिक्षणाला गेलतो. तेव्हापासून तर काय विचारता! पंख बघितला की पतंगाची जात सांगतो. हा गुलाबी बोंडअळीचा, हा लष्करी अळीचा, हा नुसताच दिव्यावरचा रिकामटेकडा. ऐकणारे जांभया देतात, देऊ द्या!

धाकट्या भावाला, अजिनाथला, बघायला युसूफ वडगावची मंडळी येणार होती. घर बघायचं, वावर बघायचं, मग होकार. शेतकरी पोराला मुलगी मिळणं म्हणजे आजकाल उंबराचं फूल! अजिनाथ सकाळपासून आरशासमोरून हलत नव्हता.

मी म्हटलं, पाहुण्यांना कपाशीतले सापळेही दाखवू. चांगला शर्ट घालून वावरात गेलो, सापळ्यांत नव्या गोळ्या लावल्या. रबराची एवढीशी गोळी, तिला पतंगाच्या मादीचा वास. माणसाला येत नाही, पण नर लांबून धावत येतात आणि अडकतात. एक गोळी उरली, ती खिशात टाकली. घरी येऊन शर्ट खुंटीला अडकवला.

पाहुणे मांजरसुंब्याला जेवत बसले, ते आले दिवस मावळता. गडबडीत अजिनाथनं नव्या शर्टावर चहा सांडला. माझी बायको वनमाला म्हणाली, "भावजी, खुंटीवरचा ह्यांचा घाला!"

आमचं घर वावरातच. मुलीचे वडील शहादेवराव अंगणातल्या बाजेवर बसले, कपाशीकडं बघून मान डोलावली. तेवढ्यात अजिनाथच्या छातीवर एक पतंग बसला. मग दुसरा. मग तर जत्राच भरली!

"हे काय हाय?" शहादेवरावांनी विचारलं.

मला असं विचारायचंच नसतं! मी एक चिमटीत धरला, घसा खाकरला. "बारका, करडा, पंखावर काळे ठिपके. गुलाबी बोंडअळीचा नर! समदे नरच हायेत. मादीचा वास आल्याबिगर हे कुठं बसतच न्हाईत!"



शहादेवरावांनी अजिनाथला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मंग नवरदेवावर कशामुळं बसायलेत?"

मी चिमटीतला पतंगच उलटापालटा करून बघू लागलो! मुलीची आत्या भिवराबाई पदर सावरत उठल्या. "दादा, आपून निघावं." अजिनाथ रडकुंडीला आला, पण गप्प.

वनमाला पुढं झाली. "भावजी, खिसा बघा!"

अजिनाथनं गोळी काढली.

"सापळ्यातली हाय ती! शर्ट ह्यांचा, गोळी ह्यांची, अक्कलबी ह्यांचीच!"

शहादेवराव इतके हसले की बाज करकरली. "पोरगा पसंत! एवढं झालं, तरी थोरल्या भावाला उलटून बोलला न्हाई. पोरगी सुखात राहील."

मी ताडकन उठलो. "तर मंडळी, या शुभप्रसंगी..."

"एक अट हाय," शहादेवराव म्हणाले. "लग्नात माईक ह्यांच्या हातात द्यायचा न्हाई!"

आणि माझा सख्खा भाऊ, कधी तोंडातून शब्द न काढणारा, सगळ्यांच्या आधी ओरडला, "मंजूर!"