मातीच्या दरबाराची हकिकत

अक्षर देणाऱ्या देवतेस आणि पायाखालच्या मातीस, दोघींस आधी नमस्कार. एकीने लिहिणे दिले, दुसरीने लिहिण्यातली चूक दाखविली. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीस राज्यात मोठा समारंभ जाहला. राज्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण ते लिहिण्याचा अधिकार आपला आहे की नाही याची आम्हांस खात्री नाही. समारंभ असा की, नदीवरचा बंधारा बारा वर्षांनी पुरा होऊन पाणी काठोकाठ भरले, आणि महाराज दिवसाच्या चौथ्या प्रहरी बंधाऱ्यावर पश्चिमेस पाण्याकडे तोंड करून बसले, मस्तकावर छत्र धरले, दोहों बाजूंस दरबार उभा राहिला, आणि पाठीमागे माती वाहणारे, दगड फोडणारे, कुंभार असे कष्टाचे लोक बसविले. मग महाराजांनी पाण्यात नारळ सोडला आणि त्यांच्या नेत्रांतून पाणी वाहिले. सबनीस अंताजीपंत यांनी जवळ उभ्या असलेल्या पोथीशाळेच्या लेखकास, म्हणजे आम्हांस, सांगितले की लिहा, आनंदाश्रू आले. आम्ही लिहिले.

मग या प्रसंगाचे चित्र काढावे अशी आज्ञा रखमाजी चितारी यांस जाहली. रखमाजी तीन पिढ्यांचे दरबारी चितारी, हात साफ, स्वभाव गरीब. चितारीवाड्याची रीत अशी की, दरबारातल्या प्रत्येक असामीच्या चेहऱ्याचा नमुन्याचा कागद जपून ठेवलेला असे, आणि नवे चित्र आले की त्या त्या कागदावरून चेहरा उतरवून घेत. ते कागद पोथीशाळेत आमच्या ताब्यात होते. आम्ही झटकून, पुसून, मोठ्या हौसेने रखमाजींच्या हाती दिले. कोणता कागद सकाळी काढलेला, कोणता दिव्याशी, कोणता खिडकीच्या उजवीकडे बसून, हे आम्ही पाहिले नाही, आणि पाहण्याचे आम्हांस सुचलेही नाही. मार्गशीर्षाच्या आरंभी चित्र पुरे जाहले आणि दरबारात मांडले. रंग उत्तम, दागिने उत्तम. परंतु सेनापतीच्या डाव्या गालावर ऊन, त्यांच्या शेजारच्या दिवाणजींच्या उजव्या गालावर ऊन, आणि एकाची सावली पाण्याकडे तर दुसऱ्याची गावाकडे. अंताजीपंत चित्राभोवती एक फेरी मारून आले आणि हळूच म्हणाले, "आपल्या राज्यात सूर्य किती, रखमाजी?"

लोक हसले. पण पंतांनी गोष्ट हसण्यावर थांबू दिली नाही. महाराजांचे चुलतबंधू त्या सुमारास गादीवर हक्क सांगत होते, हे सर्वांस ठाऊक होते, आणि पंत म्हणाले की एका आकाशात दोन सूर्य काढणारा कोणाच्या मनातले काढतो ते पाहावे. महाराजांनी विचार करून ठरविले की रखमाजींस अमावास्येपर्यंत मुदत द्यावी. चित्र सुधारले तर ठीक, न सुधारले तर त्यांनी कुंचला दरबारात ठेवून राज्याबाहेर जावे.

रखमाजींनी चार दिवस सावल्या पुसल्या आणि काढल्या. एक नीट करावी तर दुसरी बिघडे. आम्ही पोथ्या चाळल्या, त्यात सावलीविषयी सुंदर श्लोक निघाले, उपयोग काही जाहला नाही. अपराध निम्मा आमचा होता आणि शिक्षा सगळी त्यांना होती, म्हणून आम्हांस अन्न गोड लागेना. मग आम्ही बंधाऱ्याखाली राहणाऱ्या येसाई कुंभारणीकडे गेलो, ते शहाणपणाने नव्हे, तर शाईच्या दौती तिच्याकडून येत आणि दुसरे कोणी ओळखीचे नव्हते म्हणून. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली की पोथीबाबा, कागदावरच्या माणसाला पाठ नसते, मग त्याची सावली कुठून पडणार? चितारीबुवांना इकडे घेऊन या, आपण मातीचा दरबार भरवू.

रखमाजी आले आणि भिजवलेल्या मातीचे महाराज करू लागले. दोन दिवसांत मिशी, शिरपेच, अंगठ्या, सगळे केले, आणि तिसऱ्या दिवशी महाराज वाळून गळ्यापाशी तडकले. रखमाजी डोके धरून बसले. येसाईने तो गोळा उचलून पुन्हा पाण्यात टाकला आणि म्हणाली, "सावलीला मिशी नसते, लेकरा. डोकं अंड्याएवढं कर, नाक चिमटीत काढ, अन् पुढचा माणूस घे." मग तिने अंड्यासारखी डोकी केली, घंटेसारखी धडे केली, छत्र म्हणून काडीवर खापरी बसविली, आणि एका सकाळीत तीस माणसे उभी केली. सेनापती आणि दिवाणजी इतके सारखे दिसत होते की रखमाजी बहुत दिवसांनी हसले. मग तो सगळा दरबार फळीवर मांडून त्याच चौथ्या प्रहरी बंधाऱ्यावर नेला, महाराजांची बैठक होती तेथेच ठेवला, आणि मातीच्या महाराजांचे तोंड पश्चिमेस केले. महिन्याभरात सूर्य किंचित सरकला असेल अशी शंका आम्ही काढली, ती कोणी ऐकली नाही. सगळ्या सावल्या एका दिशेस आडव्या पडल्या, जणू कोणी विंचरल्या. रखमाजी गुडघ्यावर बसून भराभर काढू लागले, आणि एकाएकी थांबले.

कारण असे की, ऊन तिरपे येऊन छत्राखालून शिरले होते. महाराजांच्या मुखावर लख्ख ऊन होते, आणि छत्राची सावली त्यांना सोडून पाठीमागे, कष्टाच्या लोकांवर पडली होती. रखमाजी म्हणाले की दोन सूर्य काढले म्हणून देश सोडायची पाळी आली, आता धन्याला छत्राबाहेर काढले तर काय होईल? आम्ही भीत भीत सुचविले की छत्र थोडे पुढे सरकवावे, चित्रात कोण मोजतो. येसाई म्हणाली, "सरकवा की. मग सावली सरकवा, मग माणसं सरकवा. अन् पंतांना दुसरा सूर्य तुम्हीच दाखवा." रखमाजींनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग जसे दिसले तसे काढले, आणि मुखावर ऊन म्हणून महाराजांचे डोळेही मिटत आलेले काढले. आम्ही त्या जागी असतो तर छत्र सरकविले असते, हे येथे नमूद करतो.

अमावास्येस चित्र दरबारात मांडले, आणि दाखला म्हणून मातीचा दरबारही शेजारी ठेविला. अंताजीपंतांनी दोन्ही पाहिले आणि विचारले की धनी उन्हात आणि मजूर छत्राखाली, यास चित्र म्हणावे की बंड? रखमाजींनी कुंचला कमरेतून काढून हाती घेतला होता, ठेवण्यासाठी. महाराज उठून चित्राजवळ आले, आणि चित्रातल्या आपल्या मिटत आलेल्या डोळ्यांकडे पाहात उभे राहिले, आणि मग म्हणाले, "पंत, त्या दिवशी आमच्या डोळ्यांत पाणी आले होते."

पंत म्हणाले की होय महाराज, आनंदाश्रू, दप्तरी लिहिले आहे.

"ऊन होते," महाराज म्हणाले. "घटकाभर डोळ्यांत जात होते. छत्र पुढे घ्या असे तुम्ही कोणी म्हटले नाही, आणि मुहूर्ताच्या वेळी हालचाल नको म्हणून आम्हीही म्हटले नाही. आमची सावली कोठे गेली ते आज कळले. चांगल्या ठिकाणी गेली."

मग महाराजांनी रखमाजींचा कुंचला स्वहस्ते त्यांच्या कमरेत परत खोवला. पंत खाली पाहू लागले, आणि आम्ही त्यांच्याहून खाली. मग मातीच्या दरबाराचे काय करावे असा प्रश्न निघाला. पंतांनी सुचविले की महाराजांची आकृती मोडणे अशुभ, जपून ठेवावी. येसाईस विचारले, तेव्हा ती म्हणाली की कच्ची माती ठेवून टिकत नाही, तिला कामाला लावावी लागते. महाराज हसले आणि मान डोलविली. तिने महाराज, सेनापती, दिवाणजी, पंत आणि मागचे मजूर एकाच परातीत भिजविले, आणखी माती घालून मळले, आणि त्या मातीचा एक मोठा रांजण घडवून, भाजून, बंधाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भरून ठेविला. तेव्हापासून चितारीवाड्यात नवे चित्र आले की आधी मातीची माणसे करून उन्हात मांडतात, आणि पहिला गोळा येसाईच्या घरून आणतात.

तात्पर्य थोडके. चित्र महालात आहे, रखमाजी राज्यात आहेत, आणि दप्तरातला 'आनंदाश्रू' हा शब्द आम्ही स्वहस्ते खोडून त्यावर 'ऊन' असे लिहिले आहे. आमच्या चाळीस वर्षांच्या लिखाणात खात्रीने खरा म्हणावा असा तो एक शब्द, आणि तोही मातीने सांगितलेला. उन्हे कलली की आम्ही बंधाऱ्यावर जातो, त्या रांजणातले पाणी पितो, आणि ज्या ज्या लोकांची ती माती आहे त्या सर्वांस, पंतांसही, मनात हात जोडतो.