ड्वेनला कोण चालेल?

रविवारी जेवायला मेहुणा येणार म्हटलं की व्हर्लिन टायडनच्या छातीत सकाळपासूनच धडधड सुरू व्हायची. मेहुणा तसा वाईट नव्हता. ड्वेन ब्यूलरचं ओसबेक गावात डुकरांच्या खाद्याचं दुकान होतं, माणूस कष्टाळू होता, बहिणीवर त्याचा जीव होता. पण तो रिपब्लिकन होता आणि व्हर्लिन डेमोक्रॅट. मागच्या निवडणुकीनंतरच्या रविवारी दोघांची अशी जुंपली होती की ग्रेव्हीचं भांडं भिंतीवर जाऊन आदळलं. ते कुणी फेकलं याबद्दल घरात अजून दोन मतं होती. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर हवामान, सांधेदुखी आणि नुकतीच वारलेली माणसं, एवढेच विषय काढायचे असा त्याच्या बायकोचा, ग्लेंडाचा, सक्त हुकूम होता.

पण ते दिवस कॉकसचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या गावोगावच्या सभांचे होते. आयोवा राज्यातल्या प्रत्येक गावात डेमोक्रॅट पक्षाचे इच्छुक उमेदवार हिंडत होते आणि त्यांतला कोण नोव्हेंबरातल्या निवडणुकीत सध्याच्या रिपब्लिकन अध्यक्षांना हरवू शकेल, या एकाच विचारानं व्हर्लिनची भूक मेली होती. उभं आयुष्य त्यानं विमा कंपनीसाठी गारपिटीनं झालेलं नुकसान बघत घालवलं होतं. निरभ्र आकाशाकडे बघितलं तरी त्याला गाराच दिसायच्या. त्यातून मुलगी कॅरिन मूत्रपिंडाच्या आजारानं बेजार, तिचे उपचार सरकारी विम्यावर चाललेले, आणि अध्यक्ष तर तो विमाच गुंडाळायची भाषा करत होते. म्हणजे चुकीचा उमेदवार निवडला, तो नोव्हेंबरात पडला, की संपलंच सगळं.

"तुला त्या सिनेटर क्विनबाई आवडल्या होत्या ना?" ग्लेंडा बटाटे सोलत म्हणाली.

रोझाल्बा क्विन गावच्या कॅफेत आल्या होत्या. बाकीचे त्यांना करांबद्दल विचारत होते आणि त्यांनी व्हर्लिनलाच उलट विचारलं होतं, गारा यायच्या आधी हवेला वास येतो का हो? व्हर्लिन बोलतच सुटला होता. त्या कॉफी गार होईपर्यंत ऐकत बसल्या. कॅरिनचं ऐकताना तर त्यांनी डायरी मिटून ठेवली होती.

"आवडल्या. म्हणूनच त्या निवडून येणार नाहीत."

"म्हणजे काय?"

"मला आवडलेलं माणूस आजवर कधी निवडून आलंय? आपल्याला काय आवडतं ते सोड, ग्लेंडा. समोरच्यांना कोण चालेल ते बघायला हवं. समोरच्यांना!"

तो समोरचा दुपारी बाराच्या ठोक्याला दारात उभा राहिला आणि बुटांवरचा बर्फ झटकत आत आला.

जेवण सुरळीत चाललं होतं. सांधेदुखी झाली, वारलेली दोन माणसं झाली. कोपऱ्यात टीव्ही आवाज बंद करून ठेवलेला होता आणि त्यावर डेमोक्रॅटांचे दुसरे एक इच्छुक, गव्हर्नर पेल्टन, कुठल्याशा गोठ्यात उभे राहून हात हलवत होते. ड्वेननं काट्यावरचा मांसाचा तुकडा तोंडात टाकला, टीव्हीकडे बघितलं, मग ग्लेंडाकडे बघितलं आणि घसा खाकरून म्हणाला, "हा माणूस बरा वाटतो. असल्या माणसाला मत द्यायला हरकत नाही."

व्हर्लिनच्या हातातला चमचा ताटलीत पडला.

"काय म्हणालास?"

"बरा वाटतो, म्हटलं. दाजी, जरा मीठ सरकवा इकडे."

व्हर्लिननं मिरपूड सरकवली. त्याला काही दिसतच नव्हतं. ड्वेन! ज्यानं जन्मात डेमोक्रॅट उमेदवाराचं नाव शिवीशिवाय उच्चारलं नव्हतं, त्या ड्वेनला पेल्टन चालतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत त्यानं ही बातमी फक्त न्हाव्याला सांगितली, तीही कानात. दुपारी पोस्टात त्यालाच एका बाईनं सांगितलं की ड्वेनच्या दुकानात येणारे सगळे डुकरंवाले पेल्टनला मत देणार आहेत. संध्याकाळी तालुक्याच्या पक्षप्रमुख फिलिस ओल्डेनकँप यांचा फोन आला.

"व्हर्लिन, ड्वेन म्हणाला ते खरं का?"

"माझ्यासमोर म्हणाला, फिलिसबाई. अगदी मिठाच्या आधी."

"शुद्धीवर होता?"

"ग्लेंडाच्या घरात दारू नसते."

फिलिसबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला तर क्विन फार आवडतात रे. पण माझ्या आवडण्याला भिऊनच मी आयुष्य काढलंय. पेल्टन तर पेल्टन."

आठवड्याभरात ओसबेकमध्ये कुणी कुणाला 'तुला कोण आवडतं' असं विचारेनासं झालं. सगळे एकमेकांना 'ड्वेनला कोण चालतं' एवढंच विचारायचे. लोक उगाचच खाद्याच्या दुकानात शिरायचे. ज्यांच्याकडे साधी कोंबडीसुद्धा नव्हती, ते डुकरांच्या खाद्याची पोती चाचपून बघायचे आणि जाता जाता म्हणायचे, "मग, ड्वेन? अजून पेल्टनच ना?"

"हं," ड्वेन म्हणायचा. त्याला वाटायचं, चला, गिऱ्हाईक वाढलं.

मग एक दिवस खुद्द गव्हर्नर पेल्टन कॅमेऱ्यांसकट दुकानात आले. त्यांनी ड्वेनच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "ड्वाइटसारखी माणसं माझ्या बाजूला आहेत, म्हणून मी जिंकणार!"

"ड्वेन," ड्वेन म्हणाला.

"अगदी बरोबर!" पेल्टन म्हणाले.

ड्वेननं आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं. पण कॅमेऱ्यामागच्या गर्दीत ग्लेंडा उभी होती आणि तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यानं तोंड मिटून घेतलं. त्या गर्दीतच व्हर्लिनही होता. पेल्टननी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, पण बघत होते त्याच्या मागच्या माणसाकडे. त्यांचा हात थंडगार आणि ओलसर होता. व्हर्लिननं धीर करून विचारलं, "विम्याचं काय, साहेब? माझ्या मुलीला..."

"उत्तम प्रश्न," पेल्टन म्हणाले आणि पुढे गेले.

हा माणूस आपल्याला आवडत नाही, हे व्हर्लिनला लख्ख कळलं. पण त्या रात्री जनमताचे आकडे आले आणि पेल्टन एकदम पुढे गेले होते. जाणकार सांगत होते की विरोधी मतदारसुद्धा त्यांना स्वीकारतायत, उदाहरणार्थ ओसबेकमध्ये. हे सगळं आपण न्हाव्याच्या कानात सांगितलेल्या एका वाक्यावर उभं आहे! ड्वेननं मत बदललं तर? ड्वेनला काही झालं तर? परवाच दुकानात तो छाती चोळत होता!

सकाळी तो पळतच दुकानात गेला.

"ड्वेन, छातीत दुखतंय का?"

"पोतं लागलं होतं. दाजी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"नोव्हेंबरपर्यंत तेवढा जप. पोती उचलू नकोस. मी उचलतो."

आणि बासष्टाव्या वर्षी व्हर्लिन कॉकसच्या दिवसापर्यंत मेहुण्याची पोती उचलत राहिला.

कॉकसची संध्याकाळ आली ती बर्फ घेऊनच. शाळेच्या व्यायामशाळेत गाव जमलं. एकेका कोपऱ्यात एकेका उमेदवाराच्या नावाची पाटी होती आणि ज्याला जो हवा त्याच्या पाटीखाली सगळ्यांच्या देखत जाऊन उभं राहायचं होतं. ज्याच्या कोपऱ्यात पुरेशी माणसं जमणार नाहीत तो बाद. मग पुन्हा एकदा सगळ्यांना जागा बदलायची मुभा, आणि दुसऱ्या खेपेची मोजणी अखेरची.

पेल्टन यांचा कोपरा भरून वाहत होता. पण तिथे कुणी हसत नव्हतं. माणसं अंगात कोट घालूनच, जमिनीकडे बघत, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी उभी होती. फिलिसबाई मधूनच डोळे पुसत होत्या. व्हर्लिन भिंतीला पाठ टेकून उभा होता आणि सहज त्याची नजर समोर गेली. क्विनबाईंच्या पाटीखाली मोजकी माणसं होती. शाळेची संगीतशिक्षिका, पशुवैद्य, आणखी चारदोन जण. आणि त्यांच्यात ग्लेंडा!

"ग्लेंडा!" तो ओरडला. "अगं, इकडे! चुकून तिकडे उभी राहिलीस!"

"चुकून नाही!" ग्लेंडा तिथूनच ओरडली.

"कॅरिनचं काय होईल? जरा तरी विचार कर!"

"तिचाच करतेय! तुझ्या त्या गव्हर्नरानं तिच्याबद्दल काय उत्तर दिलं रे?"

सगळी व्यायामशाळा ऐकत होती. मोजणी झाली. क्विनबाईंना टिकून राहायला एक माणूस कमी पडत होता.

इतक्यात दार उघडलं, गार वाऱ्याचा झोत आत आला आणि मागोमाग ड्वेन. दारातल्या टेबलावर त्यानं आधीच पक्ष बदलल्याची सही केली होती, ती शाई तो अंगठ्यानं पुसत होता. पेल्टन यांच्या कोपऱ्यात एकदम जीव आला. "आला! ड्वेन आला!" लोकांनी सरकून त्याच्यासाठी मधोमध जागा केली. ड्वेननं सगळ्यांना मान लववून नमस्कार केला, त्यांच्यासमोरून चालत गेला आणि क्विनबाईंच्या पाटीखाली बहिणीशेजारी जाऊन उभा राहिला.

"ड्वेन," व्हर्लिन ओरडला, "तू पेल्टन म्हणाला होतास!"

"कधी?"

"जेवताना! बरा वाटतो म्हणालास!"

"अहो दाजी, ताईनं दारातच दम दिला होता. व्हर्लिन घाबरलाय, त्याच्या पक्षाच्या एखाद्या माणसाबद्दल चांगलं बोल, नाहीतर पुढच्या रविवारी घरी सँडविच खा. टीव्हीवर जो होता त्याच्याबद्दल बोललो. तेव्हा हवामानवाली बाई लागली असती तर तिला बरी म्हटलं असतं!"

"आणि कॅमेऱ्यासमोर?"

"तिथेही ताई होतीच की."

सगळ्यांनी ग्लेंडाकडे बघितलं. "भांडणं नकोत म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली, "निवडणूक लढवायला नव्हतं सांगितलं."

"मग या क्विनबाई?" फिलिसबाईंनी विचारलं.

"त्या आल्या होत्या दुकानात. एकट्याच. डुकरांच्या घाणीच्या कायद्यावरून तासभर भांडल्या माझ्याशी. तोंडावर म्हणाल्या, तुम्ही चुकताय, ब्यूलर! ताई सोडली तर असं मला कुणी बोलत नाही. आवडली बाई आपल्याला."

फिलिसबाईंनी पर्स उचलली. "ऐकलंत ना? ड्वेनला क्विन चालतात!" आणि पेल्टन यांचा अख्खा कोपरा धरण फुटावं तसा व्यायामशाळेच्या मध्यावरून पलीकडे निघाला. माणसं अक्षरशः पळत होती. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसत होतं! व्हर्लिन सगळ्यांत पुढे होता. पण पळता पळता त्याला शंका आली. शंका येणं हा त्याचा धंदाच होता.

"ड्वेन! म्हणजे नोव्हेंबरात तू हिला मत देणार ना?"

"नोव्हेंबरात?" ड्वेन चकित झाला. "छे हो! नोव्हेंबरात मी आमच्याच माणसाला देणार. मी रिपब्लिकन आहे, दाजी. इथे काय, सही केली की उभं राहता येतं. उद्या सकाळी परत बदलणार."

गर्दी मध्यावरच थांबली. बास्केटबॉलच्या रंगवलेल्या वर्तुळात अख्खं गाव उभं होतं. मागे जावं तर ड्वेन पेल्टनला मत देणार नव्हता, पुढे जावं तर क्विनलाही देणार नव्हता. कुणाला काय चालेल ते सांगणारं आता कुणीच उरलं नव्हतं. कुणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, "मग आता आपण कोणाला विचारायचं?"

उघड्या शेतात वादळात सापडल्यासारखं व्हर्लिनला वाटत होतं. त्यानं समोर बघितलं. ग्लेंडा त्याला हातानंसुद्धा बोलावत नव्हती. नुसती उभी होती. त्यानं डोळे मिटले आणि एकेक पाऊल टाकत तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"ग्लेंडा, ही पडली तर?"

"तर पडली."

"मला फार भीती वाटतेय."

"मलापण वाटतेय. सरक जरा, मागून लोक येतायत."

खरंच येत होते. आधी फिलिसबाई आल्या, मग न्हावी आला, मग पोस्टातली बाई, मग सगळेच. एकेकटे, एकमेकांकडे न बघता. ओसबेकमधून क्विनबाई भरघोस फरकानं निवडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेंडा स्वयंपाकघरात आली तर व्हर्लिन खिडकीशी वर्तमानपत्र धरून उभा होता. कित्येक आठवड्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता.

"ग्लेंडा, आपण वाचलो! हे बघ काय छापलंय. क्विनच सगळ्यांत निवडून येण्याजोग्या आहेत म्हणे! मोठ्या जाणकारानं लिहिलंय."

"हो? कशावरून म्हणतो तो?"

व्हर्लिननं चष्मा सारखा केला आणि बोट ठेवून वाचलं. "ओसबेकसारख्या गावातल्या सावध, अनुभवी मतदारांनी त्यांना पसंती दिली यावरून."

"अरे, ते मतदार म्हणजे आपणच ना?"

व्हर्लिननं वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"असू दे," तो म्हणाला. "अशा लोकांना कळतं, ग्लेंडा."