एकवीस दिवसांचं पथ्य

पालीच्या भारतरावांनी एकदा मनावर घेतलं की ते काम तडीला जातं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. गावात दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं ऐकिवात नाही. तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि आपल्याच खताच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, तेव्हा त्यांनी बायकोला, रोहिणीला, जाहीर करून टाकलं: एकवीस दिवस चहा बंद, गोड बंद, तळलेलं बंद. बाविसाव्या दिवशी मेहुण्याच्या मुलीचं, स्वप्नाचं लग्न होतं. तिथे जिलेबीवर आडवा हात मारायचा, हेही त्याच दमात ठरलं. मोबाइलवरच्या कुण्या डॉक्टरने दवात अनवाणी चाला म्हणून सांगितलं होतं, म्हणून चपलाही सुटल्या.

पण मिशी ठेवलेल्या माणसाने चारचौघांत "मी डाएट करतो, रात्री काकडी खातो" हे सांगायचं कसं? हॉटेलात त्यांनी चहा परत पाठवला तेव्हा गॅरेजवाल्या जावेदने टोकलंच.

"कावून बे भारत, चहा कावून सोडला?"

भारतरावांनी चेहरा गंभीर केला. "एक मोठं काम मनात धरलंय. ते झाल्याबिगर न्हाई."

आता या जिल्ह्यात माणूस अनवाणी फिरतो आणि चहा सोडतो, तो तब्येतीसाठी नव्हे, नेत्यासाठी. हे भारतराव विसरले. गाव कसं विसरेल? आमदारकीची निवडणूक तोंडावर आली होती. अर्जुनराव उभे होते, आणि निवडून आले की मंत्रीच होणार, असं त्यांचे कार्यकर्ते छातीठोकपणे सांगत होते. त्यातल्याच तानाजीने धरणाच्या भिंतीवर अनवाणी चालणाऱ्या भारतरावांच्या भेगाळलेल्या टाचांचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला. खाली मजकूर होता की साहेब मंत्री होईपर्यंत या कट्टर समर्थकाच्या पायात चप्पल नाही, तोंडात गोड नाही.

भारतराव हादरले. अर्जुनरावांच्या सभेत जाऊन खरं काय ते सांगून टाकू, असं ठरवूनच ते निघाले. पण मंडपाच्या दाराशी बॅनर होता, आणि बॅनरवर साहेबांच्या खालोखाल त्यांचा फोटो होता, पोट कापून काढलेला. अर्जुनरावांनी त्यांना मिठी मारली, डोळे पुसले आणि माइकवर सांगितलं की मंत्री झालो की पहिला पेढा माझ्या हाताने यांना भरवीन. टाळ्यांचा कडकडाट झाला. भारतरावांच्या वाट्याला चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा टाळ्या आल्या होत्या. त्या परत कोण करतो? त्यांनी मुकाट्याने हात जोडले.

घरी रोहिणीने एवढंच विचारलं, "आन् पडले तर?"

असलं अभद्र बोलू नये, असं तिला बजावून ते काकडी चिरायला बसले.

विसाव्या दिवशी निकाल लागला. अर्जुनराव पडले, आणि चांगले आपटले.

लग्नाच्या दिवशी भारतराव पंगतीत बसले तेव्हा साखर उतरलेली होती, धाप गेली होती, पँट नुसती पट्ट्याच्या भरवशावर होती. थोडं गोड खायला हरकत नाही, असं डॉक्टरनेही सांगितलं होतं. जिलेबीचं ताट जवळ आलं. त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात तानाजीने वाढप्याचा हात धरला.

"यांना नको. पाप लागंल. सायेबांसाठी सोडलंय त्यांनी."

सगळ्या पंगतीने आदराने माना डोलावल्या. वाढप्याने भारतरावांच्या पाया पडून त्यांना काकडी वाढली. समोर जावेद ताटात तोंड घालून हसत होता. भारतरावांना मात्र खरोखर रडू येत होतं, आणि लोकांना वाटत होतं, निकालाचं दुःख आहे.

शेजारीच अर्जुनराव जेवत होते. त्यांनी चौथी जिलेबी संपवली, बोटांचा पाक चाटला आणि भारतरावांच्या पाठीवर हात ठेवला.

"खचू नका, भारतराव. पाचच वर्सं हायती. बघता बघता निघून जातील."