सायमनमास्तरांचा चोर

सावेडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या सायमनमास्तरांच्या घरात शिरायचं तर मोबाईल बाहेर, चपलांशेजारी ठेवावा लागतो. मास्तर ब्लाउज शिवायला शिकवतात. ऑनलाइन, पैसे घेऊन. त्यांचा व्हिडिओ कुणी चोरू नये म्हणून हा बंदोबस्त.

व्हिडिओला कितीही कुलपं लावा, लोक दुसऱ्या मोबाईलनं पडद्याचंच शूटिंग करतात. हे कळल्यावर मास्तरांनी स्वतःची युक्ती काढली. प्रत्येक बाईसाठी सुरुवात नव्यानं रेकॉर्ड करायची. कापडावर खडूनं तिचं नाव-गाव लिहायचं, कॅमेऱ्यात बघून विचारायचं, "काय केडगावच्या सुनीताताई, जेवलात का?" आणि उत्तरासाठी थांबायचं. खरंच थांबतात. मग मान डोलावून कात्री उचलतात. व्हिडिओ फुटला की चोराचं नाव त्यातच, असा त्यांचा हिशेब.

माझा याला विरोध होता, आहे. आमच्या संघटनेचं 'ज्ञानाला कुलूप नको' हे पत्रक मीच लिहिलं आणि पहिलं मास्तरांच्या दारावर चिकटवलं. त्यांनी ते अलगद काढून त्यातून बाहीचा नमुना कापला. वर मला म्हणाले, कागद जाड वापरता, बरं आहे.

गेल्या महिन्यात व्हिडिओ फुटला. 'तिसगावच्या मंगलताई, जेवलात का' जिल्हाभर फिरला. फुकट मिळतंय ते विकत कोण घेणार? नवी गिऱ्हाइकं थांबली. एकटा माणूस, त्याची चूल यावरच. मास्तरांनी पोलिसात द्यायला तक्रार लिहिली, शिवाय सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायला मजकूर तयार केला: चोर कोण, कुठली. फक्त आधी तिला तोंडावर विचारायचं होतं. एका बाईची अशी धिंड मी निघू देणार नव्हते. त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. करंजी घाट उतरून तिसगाव गाठलं.

मंगलताई मशीनवरच होत्या, सासू दारात. मास्तरांनी तो व्हिडिओ लावून त्यांच्यासमोर धरला. मी मास्तरांशी भांडायला तोंड उघडलं, पण त्याच बोलल्या.

"मीच पाठवला मास्तर, भावाला. आईला दाखवाया. हितं मला कुनी जेवलीस का इचारत न्हाई. तुमी इचारता. भावानं पुढं कुठं धाडला, मला ठाव न्हाई."

सासूनं मान फिरवली.

"रोज लावता?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय. उत्तर बी देते."

मास्तरांनी फोनवरचा व्हिडिओ बंद केला. मग फोन खिशात टाकला आणि मशीनवरचं ब्लाउज उचललं. मुंढ्यात, बाहीच्या जोडापाशी, चुणी पडतीय म्हणाले आणि सरळ शिवण उसवायला घेतली. मंगलताई कुठं अडतं ते सांगू लागल्या. मास्तरांनी टोकलं, त्यांनी उलट टोकलं. मास्तर चक्क हसले.

आळीतल्या बाया जमल्या. दोघी-तिघींनी शूटिंगला मोबाईल वर धरले. मीच त्यांना अडवायला उठले.

मास्तरांनी मला बसायची खूण केली. "बायांनो, पुढं या," ते म्हणाले. "तिथून मुंढा दिसायचा नाही."