अणुभट्टीची फुकनी

डोमाजीच्या तेरवीचा, तेराव्या दिवसाचा स्वयंपाक सकाळीच अंगणातल्या चुलीवर चढला होता. दुपार टळत आली तरी मूल तालुक्यातल्या त्या गावातलं एकही माणूस जेवायला येईना. पत्रावळ्या मांडून डोमाजीचा बाहेरगावी नोकरीला असलेला मुलगा प्रफुल रस्त्याकडे बघत उभा होता.

झालं होतं एवढंच. सकाळी डोमाजीचे जुने सोबती मुखरूभाऊ चहाला बसले होते. दुःखाच्या घरी काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "तिकडं काय काम करतं तू?"

"नळ्या फोडतो, भाऊ," प्रफुल म्हणाला. "फास्ट ब्रीडर म्हणून अणुभट्टी असते. तिचं इंधन पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पोलादी नळ्यांत भरतात. भट्टी चालली की नळीच्या आत वायू साचते. नळीले चीर गेली तर तो बाहेर येते, मंग भट्टी बंद करा लागते. म्हणून आमी आधीच रिकाम्या नळीत दाब भरून पाहतो, कवा फुटते ते."

"जिवावरचं काम आहे बाबू."

"नाई हो. त्यातलाच एक तुकडा घरी आणला मी. आई चूल फुकते त्यानं."

मुखरूभाऊंचा कप ओठांपाशी थांबला. "फुटकी आहे?"

"नाई. ओरखडा होता, म्हणून रिजेक्ट झाली."

मुखरूभाऊ अर्धा चहा टाकून उठले. चौकात पोचेपर्यंत ओरखड्याची चीर झाली होती आणि तिच्यातून वायू सुटला होता. डोमाजी अचानक गेला होता. का गेला, ते डॉक्टरलाही नीट सांगता आलं नव्हतं. आता ते सगळ्या गावाला कळलं.

शेवटी प्रफुल स्वतः चौकात गेला आणि हात जोडून लोकांना घेऊन आला. लोक आले, पण कुंपणापाशी थांबले.

"त्या नळीत इंधन कधी भरलंच नव्हतं," त्यानं सांगितलं.

"मंग टेस्ट काऊन केली?" मागून लोकेश नावाच्या पोरानं विचारलं.

"सेफ्टीसाठी."

"म्हणजे धोका होता."

गेल्या तेरा दिवसांत प्रफुलची आई, मनकर्णाबाई, कोणाशी धड बोलली नव्हती. ती घरातून फुकनी घेऊन आली आणि चुलीपाशी बसली. "माझ्या माणसाची तेरवी आहे," ती म्हणाली. "त्यानं जन्मात कधी चूल फुकली नाई. फुकली ते मीच. पाहा, काय होते मले."

तिनं नळी तोंडाला लावून फुंकर घातली. निखारे फुलले, धूर उठला आणि तिला खोकल्याची अशी उबळ आली, की ती जमिनीवर हात टेकून वाकली. प्रफुल पाणी आणायला धावला. कुंपणापाशी थांबलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

"पाह्यलं?" मुखरूभाऊ हळूच म्हणाले.

"काय पाह्यलं?" शेजारची रीता पुढे झाली. "असा खोकला तर मलेबी आहे."

"तुह्याकडंबी त्याचीच नळी आहे काय?"

"माझी बांबूची आहे."

"माझी लोखंडाची," मुखरूभाऊंची बायको चंदाबाई म्हणाली. "रातभर तुमच्या बाजूले खोकत असतो मी. तुमाले ऐकू येत नाई काय?"

बायका एकेक करून अंगणात आल्या आणि पत्रावळ्यांपुढे बसल्या. मागून मान खाली घालून पुरुषही आले.

एव्हाना भाजी निवली होती. मनकर्णाबाईला अजून नीट श्वास घेता येत नव्हता. कोणी सांगायच्या आधी मुखरूभाऊ चुलीपाशी बसले, फुकनी धोतराला पुसली आणि जोर लावून फुंकू लागले. चुलीनं जाळ धरला तोवर त्यांचे डोळे लाल झाले होते.

"हे... रोज असंच असते?" त्यांनी खोकत विचारलं.

"भाजी खाली लागून राह्यली, भाऊ," रीता म्हणाली. "जरा बाजूले सरका."