गोदाअक्कांची चालती बालवाडी

बालवाडीत एखादं पोर आलं नाही, तर बाकीच्या बाया हजेरीत फुली मारतात आणि पुढे जातात. आमच्या गोदाअक्का फुली मारत नसत. त्या सगळी बालवाडी उचलून त्या पोराच्या दारात नेत.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मी तिथे मदतनीस होते आणि खिचडीचं पातेलं माझ्या डोक्यावर असे. पुढे अक्का, मागे जुन्या लुगड्याचा लांब पट्टा धरलेली बावीस पोरं, शेवटी मी. अमळनेरला तेलाच्या गिरणीमागे आमची वस्ती होती. दुकानदार आम्हाला बघून हसायचे. "आज कोनी वरात शे, अक्का?" कोणाची वरात, असं विचारायचे. अक्का थांबत नसत. त्या दारासमोर पोरं बसवायच्या, फळा भिंतीला टेकवायच्या आणि गाणं सुरू करायच्या. आतलं पोर पाच मिनिटांत डोळे चोळत बाहेर यायचं. त्याची आई मात्र आम्हाला शिव्या द्यायची.

"बठ्ठा म्हंजे बठ्ठा," अक्का म्हणायच्या. सगळे म्हणजे सगळे. दिवसातून वीस वेळा म्हणायच्या. एकदा एक पोरगी मामाच्या लग्नाला सावद्याला गेली, तेव्हा अक्का पोरं घेऊन एसटी स्टँडकडे वळल्या होत्या. मी त्यांचा पदर धरून ओढला म्हणून आम्ही वाचलो.

खिचडीचंही तसंच. कोणी कोणाशेजारी बसायचं हे अक्का रोज बदलत. पाटलांच्या नातवाशेजारी भिलाटीतली सुमन, तिच्याशेजारी बौद्धवाड्यातला मुलगा. कोणाच्या आईने घरून वेगळी ताटली पाठवली, तर अक्का ती ताटली पातेल्यावर झाकण म्हणून ठेवत आणि संध्याकाळी तशीच परत करत. "चांगलं झाकण शे व माय, उद्या बी धाड," असा निरोपही देत. दुसऱ्या दिवशी ताटली येत नसे.

बालवाडी महिला मंडळाची होती. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पेंटरकडून एक पाटी रंगवून घेतली होती. वर ठळक अक्षरांत 'आमची उद्दिष्टे', खाली सात ओळी. पहिलीच ओळ होती, 'जात, धर्म, शरीराची अवस्था न पाहता सर्व बालकांना सामावून घेणे.' पाटीला हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, पेढे वाटले. अक्कांना वाचायला चष्मा लागे आणि चष्मा कधी सापडत नसे, म्हणून त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघींत माझा आवाज फुटत नाही. तरी वाचलं. अक्का म्हणाल्या, "इतलं लांबडं काबर लिखं? बठ्ठा लिखतीस ते रंग वाचता." नुसतं 'सगळे' लिहिलं असतं तर रंग तरी वाचला असता, असं त्यांचं म्हणणं.

त्याच पाटीखाली पुढे जे झालं, ते आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.

सुभद्रा नावाची बाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. तिची मुलगी कल्पना पाच वर्षांची होती. तिला बसता यायचं नाही, मान एका बाजूला पडायची, तोंडातून लाळ गळायची. सुभद्रा तिला खाटेच्या पायाला फडक्याने बांधून कामावर जायची. काय करणार होती? अक्कांना हे कळलं त्या दिवशी त्या कल्पनाला कडेवर घेऊनच आल्या.

आठ दिवसांत बायांची कुजबुज सुरू झाली. आमची पोरं घाबरतात म्हणे. पोरं कसली घाबरतात! ती तिच्या तोंडावरच्या माश्या हाकलायची आणि गाण्यात तिचं नाव घालायची. घाबरायच्या त्या आयाच. अध्यक्षबाई आल्या, पाटीखाली खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, हे काही अशा मुलांचं ठिकाण नाही. उद्यापासून ती येणार नाही. आली तर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल."

त्यांच्या डोक्यावरच पहिली ओळ होती. मला ओरडून वाचावीशी वाटली. मी पातेलं घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी कल्पना आली नाही. सुभद्राला निरोप गेला होता. अक्कांनी पोरं मोजली, लुगड्याचा पट्टा काढला आणि मला म्हणाल्या, "उचल पातेलं."

चार दिवस बालवाडी सुभद्राच्या पत्र्याच्या खोलीसमोर भरली. पाचव्या दिवशी मंडळाचं काम पाहायला धुळ्याहून पाहुण्या बाई आल्या. अध्यक्षबाईंनी त्यांना दाखवायला खोली उघडली, तर आत फक्त पाटी. मग शोधत शोधत दोघी गल्लीत आल्या. नेमकी गटार तुंबलेली होती. अध्यक्षबाईंनी नवी साडी पोटरीपर्यंत उचलून धरली होती.

"इथे का बसलात?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "एक पोर घर शे. मंग तठे बालवाडी कशी भरी?"

अध्यक्षबाई लाल झाल्या. अक्कांजवळच्या कल्पनाकडे बोट करून म्हणाल्या, "हिला धरून कोण बसणार? मंडळाकडे जास्तीची बाई नाही. आणि अक्का, स्वतःचं नाही म्हणून दुसऱ्याचं असलं पोर कवटाळून बसायचं, याला समाजकार्य म्हणत नाहीत."

नवऱ्याने अक्कांना मूल नाही म्हणून टाकलं होतं. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, पण आजवर तोंडावर कोणी बोललं नव्हतं. ज्या अक्का प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर द्यायच्या, त्यांनी फक्त पदराने कल्पनाची हनुवटी पुसली. मग हळू म्हणाल्या, "मी धरसू. माले दोन मांड्या शेतस."

पाहुण्या बाईंसमोर अध्यक्षबाईंना नाही म्हणता आलं नाही. कल्पना परत आली. अक्का तिला मांडीवर घेऊन बसायच्या, एका हाताने तिची मान धरायच्या आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहायच्या. अक्षरं वेडीवाकडी यायची. उठताना भिंतीला धरून उठायच्या, पायाला मुंग्या आलेल्या असायच्या. अध्यक्षबाईंनी मात्र त्या वर्षीच्या सभेत कल्पनाचं नाव घेऊन भाषण केलं. टाळ्याही घेतल्या. मी टाळी वाजवली नाही. माझ्याकडून तेवढंच झालं.

पुढे एका रविवारी मी अक्कांकडे भरताची वांगी द्यायला गेले. त्या ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. पाय पसरले होते आणि मांडीवर घडी केलेली गोधडी होती.

"पाय दुखतात का?" मी विचारलं.

"नही व. आठवडाभर दुखतस," त्या म्हणाल्या. त्यांचा एक हात गोधडीच्या कडेखाली, मान धरावी तसा होता. "आज काहीच दुखत नही. करमत नही माय."