केसोबांची जाळी आणि तिचं झाकण

एका जंगलात बेसबॉल खेळत असत. हसू नका. जंगलात बेसबॉल कुठून आला, असं विचारणाऱ्या शहाण्यांनी आधी सांगावं, जंगलात बैठका कुठून आल्या? त्याही होत्याच. आता मांडी घालून बसा आणि ऐका.

या जंगलाचा आणि नदीपलीकडच्या जंगलाचा दरवर्षी एक सामना व्हायचा. मधल्या बेटावर जांभळाचं झाड होतं. जो जिंकेल त्याचं झाड, वर्षभर. सात वर्षं ते पलीकडच्यांकडेच होतं. तिकडची तरसं जांभळं खायची आणि बिया मुद्दाम आपल्या काठावर थुंकायची. आहे की नाही आगाऊपणा?

आपल्या संघाचे गुरुजी होते केसोबा अस्वल. त्यांचा सगळा जीव त्या जांभळांत. सात वर्षांत एकही मिळालं नव्हतं. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी थुंकलेल्या बियाही चाटल्या होत्या. शी काय शी? तुम्ही अस्वल नाही, तुम्हाला काय कळणार!

आपण का हरायचो, सांगतो. सरावाला गुरुजींनी चेंडू मारायचा आणि बाकीच्यांनी झेलायचा, अशी रीत. पण दांडा बारीक आणि गोल. केसोबा जोरात फिरवायचे, आणि चेंडू आपला पायाशी. सात वर्षं संघ नुसता उभा राहून आळस देत होता.

एका सकाळी केसोबांनी बांबूची कांब वाकवून गोल केली. त्यात घायपाताच्या दोरीची जाळी विणली, खाली मूठ बांधली. चेंडू वर उडवला आणि जाळी फिरवली.

टण्ण!

चेंडू थेट टिल्लू सशाकडे गेला. "अगं आई गं, खरंच आला!" असं ओरडून टिल्लू बिळात घुसला.

पण आठ दिवसांत सगळे झेलायला शिकले. जाळीनं मारायलाही शिकले. केसोबा तर नाचलेच. "बेट्यांनो, यंदा जांभळं आपली!" नियमात एवढंच होतं, की खेळाडूच्या हातात काहीतरी लाकडाबांबूचं असावं. मग अडलं कुठे?

अडलं बैठकीत. नवी वस्तू सामन्यात न्यायची तर बैठकीची मंजुरी लागे. आणि या जंगलातली रीत अशी, की बैठकीत सूचना केली तरच केळं मिळायचं. सूचना नाही तर केळं नाही.

अध्यक्ष धोंडजी गवा म्हणाले, "जाळी झकास आहे. आता सुधारू या."

"पण ती चालतेय, अध्यक्ष!" केसोबा म्हणाले.

"ही सूचना नव्हे," गवा म्हणाले आणि केळ्यांची टोपली पुढे सरकवली.

हत्ती म्हणाला, "मूठ माझ्या सोंडेत भरेल एवढी हवी." घ्या केळं. टिल्लू म्हणाला, "जाळी ढिली करा, चेंडूला लागतं हो." घ्या केळं. मोर म्हणाला, "कडेला पिसं लावा." मग म्हणाला, "माझीच लावा." त्याला दोन केळी.

शेवटी राहिले सावकाशराव कासव. त्यांना काही सुचेना. टोपलीत एकच केळं उरलेलं, आणि तेही पिकलेलं. सावकाशरावांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"झाकण!" ते ओरडले.

"कशाला?"

"पाऊस आला तर?"

काय टाळ्या पडल्या म्हणता!

तीन दिवसांनी जी वस्तू तयार झाली, ती उचलायला पाच जण लागले. खाटेएवढी रुंद, झोळीसारखी ढिली, भोवती पिसं, वर झाकण. केसोबा रडकुंडीला आले. "गेली रे माझी जांभळं!"

सामन्याच्या दिवशी तरसं हसून हसून लोळली. आपल्यांनी झेल चांगले घेतले, तरी तरसांनी नऊ धावा केल्या. मग आपली पाळी आली. पाच जणांनी वस्तू उचलली. तरसांच्या नायकानं दात विचकून चेंडू फेकला.

चेंडू ढिल्या जाळीत शिरला. झाकण खट्कन बंद झालं.

"चेंडू कुठाय?" नायकानं विचारलं.

"आत," हत्ती म्हणाला.

"मग काढा बाहेर!"

"उघडत नाही ना!"

पंच होतं एक म्हातारं गिधाड. त्यानं नियमांचं पान चाळून तरसांना विचारलं, "चेंडू झेलला की गडी बाद. तुम्ही झेललात का?"

"नाही."

"चेंडू घेऊन गड्याला शिवलं तरी बाद. चेंडू तुमच्याकडे आहे का?"

"कुठला हो!"

"मग पळू द्या त्यांना."

केसोबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "पळा रे, पळा!"

आणि पळाले की! वस्तू घेऊन पाचही जण, मैदानातल्या चार खांबांना वळसा घालून परत जिथून निघाले तिथे. एक धाव! पुन्हा वळसा. दोन! तरसं मागून पिसं उपटतायत, हत्ती धापा टाकतोय, आणि त्यांनी झाकण उघडू नये म्हणून सावकाशराव वर बसलेत. जन्मात पहिल्यांदा एवढा वेग पाहून ते "अजून! अजून!" ओरडत होते. दहाव्या फेरीलाच आपण जिंकलो होतो. पण थांबायची सूचना कुणीच केली नाही, म्हणून चौतीस फेऱ्या झाल्या.

सत्कार जांभळाखालीच झाला. एका सूचनेला एक टोपली जांभळं. झाकणाला खास तीन. केसोबांनी द्रोण पुढे केला.

"तुमची सूचना कोणती?" गवा म्हणाले.

"अहो, जाळीच माझी!"

"ती वस्तू झाली. सूचना कुठाय?"

केसोबा रिकामा द्रोण घेऊन घरी गेले. वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. पण थांबा, रडू नका.

पुढच्या वर्षी केसोबांनी चेंडू झेलायचा हातमोजा शिवला. सुरेख शिवला, आणि तळव्यावर मुद्दाम एक भलंमोठं भोक ठेवलं. बैठकीत मोजा मांडला आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच पंजा वर केला.

"अध्यक्ष, माझी एक सूचना आहे. हे भोक बुजवावं."

धोंडजी गवा चक्क उभे राहिले. "वा! काय ही नजर!" टाळ्या थांबेनात. केळं तर मिळालंच, वर चार टोपल्या जांभळं. केसोबांनी तिथेच फतकल मारली आणि ती सगळी बियांसकट खाल्ली.

तात्पर्य: मुलांनो, वस्तू अगदी चांगली बनवा. मग तिला एक भोक पाडा. आणि ते सगळ्यांच्या आधी आपणच शोधून काढा.